वळणावरचा पाठमोरा

१

चित्रं आजारी पडतात असं सांगितलं की लोक हसतात. ताईला त्या हसण्याची सवय झाली होती. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती सरळ "नोकरी" म्हणून मोकळी व्हायची. कोण त्या भानगडीत पडणार!

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून वाकून गेलं की डागडुजीची खोली लागायची. एक मोठी खिडकी, मधोमध लांबलचक टेबल, कपाटभर बाटल्या आणि भिंतींना कायमचा चिकटलेला द्रावणाचा वास. ताई सकाळी खोलीत शिरायची आणि उजेड उतरला की बाहेर पडायची. दिव्याच्या उजेडात रंगाला हात लावायचा नाही, हा तिचा शिरस्ता होता. तिचा धाकटा भाऊ फोनवर मोठ्यानं "ताई" म्हणायचा, ते ऐकून इथेही सगळे तिला ताईच म्हणू लागले होते. संग्रहालयाच्या प्रमुख बाई वयानं चांगल्या मोठ्या, पण त्यांचीही ती ताईच.

काम म्हटलं तर कंटाळवाणं. काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा आणि चित्रावरून हलकेच लोळवायचा. घासायचं नाही. जुनं, पिवळं पडलेलं वार्निश कापसावर कोऱ्या चहासारखं उतरतं आणि खालचा रंग डोळे उघडतो. काही ठिकाणी कुठलंच द्रावण नको असतं, नुसती थुंकी सगळ्यात उत्तम चालते. हे कळल्यापासून चौकटी करणारे सुतारकाका तिला रोज छळायचे.

"काय ताई, आज थुंकी पुरेल ना? की माझी देऊ थोडी?"

"तुमची तंबाखूची आहे काका. आहे ते चित्रही काळं होईल."

सध्या टेबलावर एक भलंमोठं निसर्गचित्र होतं. डावीकडे खडकातून झरा फुटतोय, पहाटेचा उजेड आहे, झऱ्याशी एक लहान मूल उकिडवं बसलंय. झऱ्याची नदी होते, नदीवर पूल येतो, पुलावर टोपीवाला तरुण उभा. पुढे रस्ता डोंगराला वळसा घालतो, मग उतरत उतरत थेट समुद्रावर जातो. किनाऱ्याला शिडाची एक नाव, तिच्याजवळ ओणवा बसलेला म्हातारा, आणि आभाळात संध्याकाळ. चित्राचा उजवा अर्धा भाग वार्निशनं इतका काळवंडला होता की नाव आणि म्हातारा हे अंदाजानंच ओळखायचे.

"एकाच माणसाचं सगळं आयुष्य आहे हे," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "झरा म्हणजे जन्म, समुद्र म्हणजे... कळलंच तुला. आणि बघ, सगळे पाठमोरे. त्या काळचे चित्रकार मुद्दाम तसे काढायचे. चेहरा दाखवला की तो कुणीतरी दुसरा होतो. पाठ दाखवली की त्याच्या जागी आपण उभे राहतो."

फक्त डोंगराच्या वळणावर कुणीच नव्हतं. तिथला रंग तळहाताएवढा उडून खालचं कापड उघडं पडलं होतं. म्हणजे मूल होतं, तरुण होता, म्हातारा होता, पण मधला माणूस गेला होता.

२

ताईच्या घरी एक माणूस असाच मधेच अडकला होता.

भावाला लहानपणी सगळे ढब्बू म्हणायचे, कारण तो होताच तसा गुबगुबीत. मोठेपणी त्यानं ते नाव खोटं ठरवलं, शाळेत खेळांचा शिक्षक झाला, मुलांना मैदानावर पळवून पळवून त्यांच्या नाकी नऊ आणले. आणि ऐन उमेदीत त्याचं हृदय दमलं. डॉक्टरांनी बरंच काही समजावलं, त्यातलं ताईच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आता जपायचं आणि वाट बघायची. कशाची वाट, हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

इस्पितळातून तो तिच्याकडेच आला. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसायचा, राखी स्वेटर घालून, घराकडे पाठ करून.

"इकडे तोंड कर की रे. चहा आणलाय."

"ठेव तिथे. माझ्या तोंडाकडे बघू नकोस गं. पार उतरलंय."

तीही मग बघायची नाही. माणसाचा मान ठेवावा लागतो. इस्पितळात तोंडावर नळ्या होत्या, इथे पाठ होती. कित्येक महिने ती त्याची पाठच बघत होती. डावा खांदा जरा खाली, मानेवर केस वाढलेले, स्वेटर खांद्यावरून ओघळलेला.

डागडुजीच्या धंद्यात एक गोष्ट अगदी पहिल्यांदा शिकवतात. जिथला रंग गेला आणि तिथे काय होतं याचा पुरावा नाही, तिथे आजूबाजूचा रंग शांतपणे लावायचा. रस्ता असेल तर रस्ता. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि जे लावू ते उद्या पुसता आलं पाहिजे. हे ताईनं नव्या लोकांना स्वतः शिकवलं होतं, चांगलं दरडावून शिकवलं होतं.

पण त्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले की बघू या, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज तिला घरभर ऐकू येऊ लागला. दुसऱ्या दिवशी तिनं वळणावरची उघडी जागा बुजवायला पांढरी भरणी घातली, ती वाळली, आणि ती रस्त्याचा मातकट रंग कालवायला बसली. समोर मूल, तरुण, आणि एकदम म्हातारा. मधला सगळा रस्ता कुणी चाललंच नव्हतं. तिला ते सहन होईना. तिनं राखी रंग कालवला.

तिनं ढब्बूला वळणावर उभं केलं. आजारी नव्हे, पूर्वीसारखा, पाय घट्ट रोवलेला. डावा खांदा जरा खाली, राखी स्वेटर, मानेवर केस. पाठमोरा, इतरांसारखाच. पाठ तिला पाठ होती. हात धुताना ती रडली आणि मग तिला फार बरं वाटलं. एवढा रस्ता तरी त्याला मिळू दे, असं ती कुणाला तरी म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

३

आणि ढब्बू सुधारला.

आधी त्यानं अंडं मागून खाल्लं. मग स्टूल सोडून घरात फिरायला लागला. एका सकाळी तर जिना उतरून खाली गेला आणि वर येऊन म्हणाला, "दम नाही लागला!" डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासत राहिले आणि शेवटी "छान, छान" म्हणाले. ताईच्या जिवात जीव आला. ती बिस्किटांचे दोन पुडे घेऊन कामावर गेली आणि सुतारकाकांना म्हणाली, "खा, आज मी खूश आहे."

मग ती टेबलाशी गेली. वळणावर कुणी नव्हतं.

रस्ता होता. तिनं भिंग लावलं. रस्ता सलग होता, जुना होता, त्यावर म्हाताऱ्या रंगाला पडतात तशा बारीक चिरा होत्या, आणि त्या चिरा आजूबाजूच्या चिरांना नीट जुळत होत्या. भरणी नव्हती. भोकच नव्हतं. तिनं नखाच्या टोकानं चाचपून पाहिलं.

माणसाचं डोकं अशा वेळी भलतं इमानदार असतं. ते लगेच कामाला लागतं. तिनं स्वतःची समजूत घातली, की आपण थकलोय, महिनोन्महिने नीट झोप नाही, काढायचं मनात होतं आणि काढलं असं वाटलं. पण रंग कालवायच्या ताटलीत राखी रंगाचा वाळलेला ठिपका होता.

"काका, इथे वळणावर माणूस होता ना?"

काकांनी चष्मा वर केला. "असेल. रस्ता आहे म्हटल्यावर माणसं येणार, जाणार."

"चेष्टा नको हो."

"चेष्टा कुठे? मी चौकटीच्या आत बघतच नाही. ते तुमचं खातं."

४

सबंध चित्र साफ करण्याआधी अधूनमधून छोटे चौकोन साफ करून बघतात. त्यांना खिडक्या म्हणतात. ताईनं वळणाच्या पुढे, काळवंडलेल्या भागात, एक खिडकी उघडली. कापूस तपकिरी झाला, खालून उतरता रस्ता वर आला. रिकामा. तिनं जरा पुढे दुसरी उघडली. तिथेही रस्ताच.

तिसरीत टाच दिसली.

तिनं कापूस खाली ठेवला. खोलीत नळ ठिबकत होता, तो तिनं उठून घट्ट केला. पाण्याचा आवाज तरीही बारीक येत राहिला, म्हणून तिनं पुन्हा जाऊन बघितलं. नळ कोरडा होता.

मग तिनं बाकीचं उघडलं. पायांमागून स्वेटर आला, स्वेटरमागून खाली झुकलेला डावा खांदा. रंग तिचाच होता. कालवताना त्यात जरा निळा जास्त पडला होता, तो निळाही होता. पण तिच्या हातचा हा रंग जुन्या वार्निशच्या खाली होता. वार्निश तिच्या पणजीच्या काळातलं आणि त्याच्या खाली तिचा गेल्या महिन्यातला ढब्बू. आज आणलेली सतरंजी घराच्या पायाखाली गाडलेली सापडावी, तसं होतं ते.

त्या संध्याकाळी ढब्बू खुशीत होता. जेवताना मात्र पूर्वीसारखाच बसला, खिडकीकडे तोंड करून. सवयच लागली होती त्याला.

"आज लांब गेलो. उताराच्या रस्त्यानं."

"आपल्याकडे उतार कुठाय?"

"आहे की. पलीकडे गेलं की लागतो. काय सांगू ताई, पाय आपोआप चालतात. छातीत काही म्हणता काही होत नाही."

"उद्यापासून घरातच फिर."

"का?"

"ऊन असतं."

"ऊन?" तो हसला. "तिकडे तर कायम संध्याकाळ असते."

५

आठवडाभर दोघांची खडाजंगी चालली. ती म्हणायची जाऊ नकोस, तो म्हणायचा, आजारी होतो तेव्हा चाल म्हणत होतीस, आता चालतो तर बस म्हणतेस, तुला नेमकं हवंय तरी काय? त्याचं चूक नव्हतं. एकदा तिनं दाराला बाहेरून कुलूप लावलं. संध्याकाळी उघडलं तेव्हा तो घरातच होता, स्टुलावर. फक्त त्याचे बूट ओले होते आणि बुटांना वाळू होती.

बाई चित्र पाहायला आल्या. साफ केलेल्या उतारावर त्यांचं बोट थांबलं.

"हा माणूस मुळातला आहे ना?"

खरं बोलायची ती एकच संधी होती. बाई चिडल्या असत्या, कदाचित नोकरी गेली असती, पण कुणीतरी दुसरं त्या चित्राशी उभं राहिलं असतं.

"हो," ताई म्हणाली. "वार्निशच्या खाली आहे ना. म्हणजे मुळातलाच."

"बरं झालं बाई. मधलं वय नव्हतं तर चित्र अडखळत होतं. आता सरळ पोचतो तो." बाई जाता जाता वळल्या. "किनारा लवकर साफ कर. म्हातारा बघायचाय मला."

म्हाताऱ्याचा आधार ताईलाही होता. ती मनाशी हिशोब मांडत होती, की तो चालतोय तर चालू दे, किनाऱ्यावर म्हातारा बसलाय ना, म्हणजे तिथे पोचेपर्यंत ढब्बू म्हातारा होणार. केस पिकणार, पाठ वाकणार. तेवढी वर्षं आहेत. रोज घरी जाताना ती हेच घोकायची, आणि तेवढ्यावर तिला झोप लागायची.

दुसऱ्या दिवशी तिनं किनारा साफ करायला घेतला. कापसामागून कापूस काळा झाला. ओणवी पाठ उजळली, मग डोकं उजळलं, मग त्याच्यावरचं शेवाळ.

म्हातारा नव्हता. तो खडक होता. चित्रात म्हातारपण कुणी काढलंच नव्हतं. मूल, तरुण, वळणावरचा माणूस, आणि मग नाव.

६

आता एकच उपाय होता आणि तो तिच्या हातातला होता. आपण लावलेलं पुसता येतं. तिनं कापसाचा बोळा भिजवला आणि उतारावरच्या स्वेटरच्या कडेला टेकवला. वार्निश निघालेलंच होतं. राखी रंग विरघळला, कापसावर आला.

टेबलावरचा फोन वाजला.

"ताई," ढब्बूचा आवाज पिळवटलेला होता, "पाठीत कळ आलीय गं. एकदम. कुणीतरी सोलतंय असं वाटतंय."

तिनं हात झटकन मागे घेतला. "आता?"

"आता... थांबली." तो धापा टाकत होता. "काय होतं काय माहीत."

ताईनं तो बोळा कचऱ्यात टाकला नाही. तिनं तो बशीत ठेवला, बशी कपाटात ठेवली, आणि कपाटाला कुलूप लावलं. मग ती जमिनीवर बसली. आपण त्याला रस्ता दिला असं तिला वाटलं होतं. रस्त्याला दुसरं टोक असतं, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, आणि याचा तिला इतका संताप आला की तिनं स्वतःच्या हातावर चापट मारली. लहान पोराला मारतात तशी.

सुतारकाका दारातून डोकावले. "काय सांडलं का?"

"काही नाही काका."

"मग पाण्याचा आवाज कसला?"

७

दुसऱ्या दिवशी ती सकाळी ढब्बूच्या खोलीत डोकावली. तो गाढ झोपला होता, भिंतीकडे तोंड करून. त्याला वळवून बघावं असं तिच्या मनात आलं, पण त्याची झोप मोडवेना. कामावर आल्यावर तिनं बराच वेळ चित्रावरचं कापडच काढलं नाही. काढलं तेव्हा दुपार झाली होती.

उतार रिकामा होता. तो किनाऱ्यावर होता, पाण्याला लागून. नावेचं शीड काल गुंडाळलेलं होतं, आज ते भरलं होतं.

तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. मागे पाणी वाजत होतं, मोठं, शांत, एकसारखं.

"कुठेयस?"

"फिरायला आलोय. ताई, तू यायला हवं होतंस. इतकं छान वाटतंय ना! छातीत काही आहे असंच वाटत नाहीये."

"ढब्बू, ऐक माझं. मागे वळ."

"का गं?"

"विचारू नकोस. तुला माझी शपथ आहे. पुढे पाऊल टाकू नकोस, मागे वळ आणि घरी ये."

"बरं बाई, बरं. रडतेस काय? वळतो."

तिचे डोळे चित्रावर होते. काही हललं नाही. ती शपथेवर सांगू शकली असती की काहीही हललं नाही. फक्त तिनं डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसलं, आणि पुन्हा बघितलं तेव्हा तो वळलेला होता. स्वेटरची पुढची बाजू दिसत होती. वर केस होते, दोन कान होते. कानांच्या मधे पांढरी भरणी होती, सपाट. तिनं फक्त पाठ काढली होती.

"ताई?" फोनमधला आवाज आता घाबरलेला होता. "वळलो. पण दिसत काही नाहीये."

"थांब."

"काहीच दिसत नाहीये गं. पांढरंच आहे सगळं."

"थांब, हलू नकोस, मी आहे इथे!" तिनं फोन खांद्यात दाबला, सगळ्यात बारीक ब्रश उचलला, टोक ओठांत धरून ओलं केलं. डोळे आधी. डोळे काढले की झालं. तिनं डोळे मिटून त्याचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला, आणि तिला नळ्या दिसल्या, मग खिडकी दिसली, मग मानेवरचे केस. चेहरा येईना. ज्याला अंगाखांद्यावर खेळवला, ज्याचं नाक पुसलं, त्याचे डोळे काळे होते की तपकिरी हे तिला आठवेना.

"ताई, पायाखाली हलतंय. नावेत असल्यासारखं."

तिनं काळा घेतला. टोक बरोबर टेकलं. एक ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा.

फोनमध्ये नुसतं पाणी ऐकू येत राहिलं. मग ढब्बूनं श्वास सोडला.

"हां. आता दिसतंय." त्याचा आवाज निवळला, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. "अगं, तू तर समोरच आहेस. केवढी मोठी दिसतेस! सगळं आभाळ भरून." तो हसला, आणि हसता हसता थांबला.

"ताई, पण तू अशी मागे मागे का चाललीस?"